मोठा अजगर सोडून कासव घेण्याबाबत

एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता येत नाही, हे सत्य सरकारी हजेरीपट सोडल्यास सर्वत्र मान्य झालेले आहे. श्यामकांतराव घाटे यांनी या सत्याच्या आधारे छत्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ते मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाला लागू केलं. निदान आमच्या शंकर नगरात तरी हे काम त्यांच्याआधी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

खेळ सोपा आहे. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. मधे जंगल, तीन वाटा, वाटांवर बुरुज आणि दोन्ही टोकांना एकेक गड. समोरच्यांचा गड पाडला की सामना संपला. जंगलात जनावरं असतात. मोठा अजगर मारला तर अंगात भलती ताकद येते, कासव मारलं तर जेमतेम. आता समजा, समोरचे पाचही जण वरच्या टोकाला अजगर मारताहेत आणि आपण खालच्या टोकाला आहोत. आपण पोचेपर्यंत अजगर गेलेला असणार. अशा वेळी जाणते खेळाडू उगाच धावत नाहीत. अजगर सोडतात आणि तेवढ्यात खालचा बुरुज पाडून घेतात. याला पोरं ‘ट्रेड’ म्हणतात. श्यामकांतरावांनी ‘विनिमय’ हा शब्द रूढ केला आणि त्याची फाइल उघडली.

आमच्या मराठी मंडळाच्या संघाचे कप्तान अर्थात तेच. (वय सदुसष्ट, निवड ज्येष्ठतेनुसार.) त्यांच्या पत्नी मंदाकिनीवहिनी निवृत्त शिक्षिका. पाचांत सर्वांत चांगलं त्याच खेळतात, ही गोष्ट कुठेही नोंदलेली नाही. तिसरे दातांचे डॉक्टर भार्गव, ज्यांचा हात स्थिर असतो पण नेट नसतं. चौथी पूर्णिमा, विम्याच्या ऑफिसात काम करते; तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर हिंदीत देते. पाचवा मी, नरहर, मंडळाचा सचिव. खेळात माझं काम इतरांच्या मागे फिरून त्यांना औषध देणं. मंडळातही तेच.

विनिमय करावा की लढावं, हे ठरवण्यासाठी जाणते लोक तीन प्रश्न विचारतात. आपण वेळेत पोचू का? आपले किती जण जिवंत आहेत? जे मिळणार ते जे जाणार त्याच्या तोडीचं आहे का? श्यामकांतरावांनी यात चौथा प्रश्न घातला : भांडण टळतं काय? पुढे सोयीसाठी तो पहिल्या क्रमांकावर घेतला. त्याचं उत्तर नेहमीच ‘हो’ येत असल्याने उरलेले तीन विचारण्याची गरज पडली नाही.

धोरणाचे परिणाम आकड्यांत सांगतो. गेल्या वर्षी सामने त्रेचाळीस. विनिमय दोनशे बारा. त्यांपैकी एकमताने दोनशे बारा. जिंकलेले सामने नऊ. (यांपैकी सहा वेळा समोरच्यांकडे वीज गेली होती.) समोरच्या संघांशी संबंध अत्यंत सलोख्याचे.

असं असूनही आम्ही कॉलन्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचलो, कारण दोन संघ आलेच नाहीत. आता प्रश्न गंभीर झाला. ब्राह्मणपाऱ्यातली मंडळाची खोली आम्ही दर रविवारी सरावाला वापरतो. कार्यकारिणीने ठरवलं होतं की सामना हरला तर ती खोली हास्य क्लबला द्यायची. हास्य क्लबाचे लोक येऊन भिंतींचं माप घेऊन गेले होते. जाताना एकही हसला नाही.

अंतिम सामना रविवारी दुपारी तीनला, शंकर नगरातल्या एका हॉलमध्ये. समोर बीरगांवचा संघ. पाचही जण कारखान्यातले, सकाळची पाळी करून थेट आलेले. त्यांचा कप्तान भैय्यालाल आम्हाला नमस्कार करून म्हणाला, “भैया, आराम से खेलबो.” श्यामकांतरावांना तो माणूस लगेच आवडला.

पहिल्या वीस मिनिटांत आम्ही सात विनिमय केले. त्यांनी बुरुज घेतले, आम्ही झुडपातली डुकरं घेतली. वहिनींनी मात्र मधल्या वाटेवर एकटीने काम करून त्यांचे तिन्ही बुरुज पाडले होते. कप्तानांनी याची दखल ‘ठीक आहे’ अशी घेतली.

एकतिसाव्या मिनिटाला नकाशावर दिसलं : बीरगांवचे पाचही जण वरच्या कोपऱ्यात मोठ्या अजगरावर तुटून पडले आहेत.

“सोडा त्यांना,” श्यामकांतराव शांतपणे म्हणाले. “खाली कासव आहे. सगळे कासवावर चला.”

“मी नाही येत,” वहिनी म्हणाल्या.

“काहून?”

“पाचही जण तिकडे आहेत न. मंग त्यांच्या गडावर कोण आहे?”

श्यामकांतरावांनी नकाशा पाहिला. गडावर कोणी नव्हतं. मधली वाट मोकळी होती. मला वाटतं त्यांना ते दिसलं. पण अंगवळणी पडलेली गोष्ट डोळ्यांपेक्षा जुनी असते.

“अन् ते परत आले तं?” ते म्हणाले. “उगाच वाद होईल. कासव पक्कं आहे.”

“तुमी घ्या कासव. मी चालली.”

“मंदा, मी कप्तान आहो.”

“हव,” वहिनी म्हणाल्या आणि निघाल्या.

पूर्णिमाने दोघांकडे पाहिलं. “काकी, मैं आपके साथ,” ती म्हणाली. डॉक्टर भार्गवांचं नेट गेलं. मी कप्तानांच्या मागे कासवाकडे गेलो.

कासव मारणं हे सावकाशीचं काम आहे. आम्ही दोघं ते निष्ठेने करत असताना वरती अजगर मेला. बीरगांवचे पाच जण दुप्पट ताकदीने परतायला निघाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की परतायला घर नाही. पडद्यावर ‘विजय’ ही अक्षरं आली. आमच्या कासवात थोडा जीव शिल्लक होता. श्यामकांतराव आणखी दोन-तीनदा बोट दाबत राहिले.

खोली वाचली. त्याच संध्याकाळी सहाला त्याच खोलीत संघाची तातडीची बैठक झाली. विषय : पूर्वपरवानगीशिवाय मिळालेला विजय. विजय धोरणाच्या विरुद्ध जाऊन मिळाल्याने तो धोरणामुळे मिळाला असं नोंदवावं, या ठरावाला मी अनुमोदन दिलं. मग कप्तानांनी पत्नीला रीतसर खुलासा विचारला.

वहिनींनी चष्मा काढून पुसला.

“दोन हजार नऊमधे मले भाटापाऱ्याले बढतीवर प्रधानपाठिकेची ऑर्डर आली होती,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हटलं, जाऊ दे, रोजचं येणं-जाणं, घरी कटकट होईल. त्याच्या बदल्यात इथंच सकाळची शाळा मागून घे. मी घेतली. चांगली होती सकाळची शाळा. पण कोणता अजगर होता अन् कोणतं कासव, हे मले तवा कोणी सांगितलं नाही. तुमाले माहीत होतं काय?”

श्यामकांतरावांनी समोरची विनिमयाची फाइल बंद केली.

“होतं,” श्यामकांतराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “हे इतिवृत्तात घेऊ नका.”

मी घेतलं नाही. त्या जागी ‘चहापान झाले’ असं आहे.

पुढच्या आठवड्यात भैय्यालालचा फोन आला. “दीदी, हमन ला घलो सिखो देव न,” म्हणजे आम्हालाही शिकवा, असं तो वहिनींना म्हणाला. वहिनींनी आमच्या संघाचा राजीनामा दिला. बदल्यात काय मागायचं यावर समितीत चर्चा झाली. बीरगांवने एक वापरलेला हेडफोन देऊ केला, तो स्वीकारण्यात आला. आता वहिनी दर रविवारी बीरगांवला शिकवायला जातात. श्यामकांतराव त्यांना स्कूटरवर सोडतात आणि फाटकाबाहेर उभे राहतात. आत का जात नाही, असं मी एकदा विचारलं.

“तिले विचारलं नाही अजून,” ते म्हणाले. “नाही म्हटलं तं?”

यामुळे संघात एक जागा रिकामी आहे, ती भरण्याचे अधिकार समितीने मला दिले आहेत. खेळ येण्याची अट नाही. समोरून मोठी गोष्ट जाताना बाजूची सोपी गोष्ट उचलण्याचा अनुभव हवा. तो नोकरीतला, लग्नातला किंवा मतदानाच्या रांगेतला, कोणताही चालेल. अर्ज मागवलेले नाहीत, मुलाखतही नाही. आज जे काम करायला आपण बसला होतात ते बाजूला सारून हा मजकूर शेवटपर्यंत वाचलात, ही पात्रता पुरेशी आहे. आपली निवड झाली आहे. रविवारी तीन वाजता यावे.