डावी भिंत कोरी आहे

घरातली एक भिंत कोरी राहिली म्हणून तुमच्यापैकी कितीजणांना जेवण जात नाही? आमच्या बडोद्याच्या नागरवाड्यातल्या दामूकाकांना जात नाही.

काकांनी बाहेरच्या खोलीत एका जुन्या विलायती बोटीचं जेवणघर उभारलंय. पहिल्या वर्गाचं, हुबेहूब. बोट कधीच मोडीत निघाली. आधार उरला तो काकांच्या वडिलांनी बोटीवरून घरी धाडलेल्या पत्रांचा, आणि त्यांतली मापं बडोद्याच्या घरातली. ‘लाकडाचा रंग गुळाच्या पाकासारखा.’ म्हणून काकांनी तीनदा पाक केला आणि तो बघत पॉलिश चढवलं. ‘खिडक्या आपल्या परातीएवढ्या, पितळी काठाच्या.’

“माझी परात भिंतीत गेली,” काकू म्हणतात. “आता कणीक काय यांच्या डोक्यावर मळू?”

मी एकदा म्हणालो, “काका, रंग थोडा काळपट वाटतो. पण चालेल.”

“चालेल म्हणालास की बुडालीच बोट!”

काकांनी तीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत पाइपांवर रंगाचे पट्टे ओढले. आत वाफ आहे की तेल, ते पट्ट्यावरून कळायचं. “पट्टो खोटो, तो माणस गयो,” असं ते अजून गुजरातीत बजावतात.

आता त्यांना काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रंग धूसर होत चाललेत आणि डावी भिंत तशीच आहे; पत्रांत तिच्याबद्दल अक्षर नाही. काका रोज सकाळी ब्रश घेऊन तिच्यासमोर उभे राहतात. ब्रश कोरडाच खाली ठेवतात.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. मला हे सहन होईना.

“साहेबांच्या पंगतीची एवढी आरास? आपल्या माणसाला तिथं खुर्ची तरी मिळत होती का? फासा काहीही, आणि संपवा ही गुलामी!”

काका चिडले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या दाराशी उभं केलं.

“इथून डावी भिंत दिसते?”

दिसत नव्हती. दाराची फळी आड येत होती.

“बाबा बोटीवर गेले ते संस्थानच्या लवाजम्यातले आचारी म्हणून. आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. दारातून दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं.”

मधल्या टेबलाशी एकच खुर्ची आहे. तिच्यावर काका कुणालाही बसू देत नाहीत. पॉलिश जाईल म्हणून, असं मी समजत होतो. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं, तिचं तोंड कोऱ्या भिंतीकडे आहे.

“एकदा त्यांना आत बसवायचंय रे,” काका म्हणाले. “पण बसल्यावर समोर खोटं नको दिसायला.”

निषेधाचं पत्रक छापायला आणलेल्या कागदावरच मी हे लिहितोय. तुमच्या घरातलं कुणी संस्थानांच्या काळी मुंबईहून, दोन पिवळ्या धुरांड्यांच्या बोटीनं विलायतेला गेलं असेल, तर आजच जुन्या ट्रंका उघडा. फोटो शोधा, म्हाताऱ्यांना विचारा. जेवणघराच्या डाव्या भिंतीवर काय होतं, तेवढं नागरवाड्यात येऊन सांगा. अंदाज नको.

आणि लवकर या. काकांना रंग दिसताहेत तोवर.