धुरीकाकांचा दुसरा परिच्छेद

साबणाची वडी घेतली की माणसं आधी वास घेतात. आमचे धुरीकाका खिशातून स्टीलची पट्टी काढून तिची लांबी मोजतात, तीही दुकानदाराच्या समोर. मग मान हलवतात आणि म्हणतात, "तरी मी बोललेलो."

ते बोललेले असतात, हे खरं. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. मी कॉम्प्युटरवर खोक्यांची डिझाइनं करते, काका पुठ्ठा कापायच्या मशीनवर आहेत. साबणवाल्यांनी भाव तोच ठेवून वडी बारीक करायचं ठरवलं, की खोकं आखूड होतं आणि ते पहिल्यांदा काकांच्या हाताखालून जातं. महागाई बाजारात जायच्या आधी आपल्याला भेटून जाते, असा त्यांना अभिमान आहे.

मार्च संपत आला की सगळा कारखाना त्यांच्याकडून पगारवाढीचे अर्ज लिहून घेतो. शेठना ईमेल चालत नाही. रेघांच्या कागदावर हाताने लिहिलेला अर्ज लागतो, आणि अर्ज नाही तर वाढ नाही. काकांचा साचा ठरलेला: पहिल्या परिच्छेदात महागाई, दुसऱ्यात घरातली माणसं, शेवटी आभार. "शेठ आकडे वाचत नाय गं, माणसं वाचतो," असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं. माझ्या अर्जात त्यांनी लेकीची शाळेची रिक्षा आणि सासूबाईंचा चष्मा एकाच वाक्यात बसवला. छपाईवरच्या कांबळेच्या आईचे गुडघे तर असे लिहिले, की वाचताना कांबळेच डोळे पुसायला लागला. अट एकच, अर्जात खोटं चालणार नाही. पॅकिंगच्या शाहीननं एक दीर जादा लिहा म्हटलं, तर काका तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

हे काका दर बुधवारी चौघांना पुरेल एवढा डबा आणतात. बांगड्याचं कालवण आणि भात. कांबळे, शाहीन आणि मी हक्काने बसतो. यंदा बांगडा लहान होत गेला. मग डब्यात तीनच तुकडे यायला लागले आणि ते आमच्या ताटल्यांत पडायचे. काका भातावर कालवणाची नुसती पातळ कढी ओतून म्हणायचे, "माका कढीच आवडता." आणि आम्ही मूर्खासारखं ते खरं मानलं.

एका बुधवारी शाहीननं सहज विचारलं, की काका, तुमचा अर्ज कोण लिहितं? कोणीच नाही. काकी गेल्यापासून पाच वर्षं त्यांनी अर्जच दिला नव्हता. म्हणजे पाच वर्षं तोच पगार, आणि वर आमचा डबा. मला स्वतःचाच राग आला. मी तिथल्या तिथे कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला.

पहिला परिच्छेद त्यांनी झरझर लिहिला, साबणाच्या मापांसकट. दुसऱ्यापाशी पेन अडलं. 'घरात मी' एवढं लिहून त्यांनी ते खोडलं.

"एकट्या माणसाक कसली महागाई," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'जेवायला चार माणसं.'

"अर्जात खोटं चालत नाय."

"कांबळे, शाहीन, मी आणि तुम्ही. मोजा ना."

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पेन परत घेतलं, वाक्याच्या आधी बारीक अक्षरात 'बुधवारी' असा शब्द घातला आणि सही केली.

शेठनी अर्ज मंजूर केला. पगार झाल्यानंतरच्या बुधवारी डब्यात चार तुकडे होते. चौथा काका माझ्याच ताटलीत वाढायला निघाले, तेव्हा कांबळेनं त्यांचा हात धरून तो तुकडा त्यांच्याच भातावर ठेवायला लावला. काका खाली मान घालून काटे काढत बसले, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत आम्हीही कोणी उठलो नाही.