वन्स मोअर न देण्याचा ठराव

तबकडीतल्या गायकाला वन्स मोअर दिला की तो तेच पद पुन्हा म्हणतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा कोणी सांगितली ते आता नीट आठवत नाही. कदाचित कोणीच सांगितली नसेल. पाणी उताराकडे वाहतं हे तरी कोण कोणाला सांगतं? मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यात डॉक्टरेट घेतली, आणि तरीही माझ्या स्मरणशक्तीवर माझा भरवसा नाही. तेव्हा पुढच्या हकिकतीतल्या तारखा कोणी फार मनावर घेऊ नयेत. बाकीचं सगळं सभेच्या इतिवृत्तात आहे. अर्थात, ते इतिवृत्तही मीच लिहिलेलं आहे.

संगीत नाटकांच्या तबकड्या जमवणाऱ्यांना नियम ठाऊक असतात. थिएटरात वन्स मोअर दिला तर नाटक लांबतं. तबकडी लांबत नाही. तिची एक बाजू बावीस मिनिटांची असते आणि बावीसच राहते. त्यामुळे एका पदाने पुन्हा म्हणायला जागा घेतली, की ती दुसऱ्या एखाद्या पदातून जाते, आणि गेलेली जागा परत मिळत नाही. ज्या पदाला सर्वांत कमी वन्स मोअर मिळाले असतील, त्याचा नंबर पहिला. बरोबरी झाली तर ज्या गायकाचं नाव लेबलवर सर्वांत बारीक अक्षरांत छापलं असेल, त्याचं पद जातं. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण त्याने आपला समाज जवळून पाहिलेला असावा.

‘संगीत वज्रकंकण’ची तबकडी १९६६ साली निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला सहा पदं आहेत, म्हणजे लेबलवर आहेत. पाच रघुवीर हडफडकरांची. त्यांना सगळे रघुअण्णा म्हणत, न ओळखणारे जास्त. सहावं पद राणीच्या सखीचं. राणीला बरं वाटत नाही एवढा निरोप सांगायला ती येते आणि आलीच आहे म्हणून एक पद म्हणते. गायिका मंदाकिनी तळगेरी. हे नाव इतकं बारीक छापलं आहे की बरीच वर्षं मला ते छापखान्याचं नाव वाटत होतं.

या तबकडीच्या आमच्या माहितीतल्या एकाही वाजवलेल्या प्रतीत, २००९ सालापर्यंत तरी, सहावं पद उरलेलं नव्हतं. रघुअण्णांचं पहिलं पद ऐकून वन्स मोअर न देणारा माणूस तेव्हा जन्मला नव्हता, आणि जन्मला असलाच तर त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. माझ्याकडे चार प्रती. एकीत ते पहिलं पद चार वेळा आहे. ते माझंच काम. १९७४ साली, घरात कोणी नसताना, दार लावून घेऊन मी ते केलं. चौथी प्रत मात्र कधी वाजवलीच नाही. १९६९ साली घेतली आणि ओरखडा पडेल या धास्तीने पाकिटातून बाहेर काढली नाही. आमच्या कराडच्या नाट्यगीत संग्राहक मंडळात याला निग्रह म्हणत. मी ते नाकारलं नाही.

२००९ साली, बहुधा जानेवारीत, इचलकरंजीहून एक पोस्टकार्ड आलं. ‘मी मंदाकिनी तळगेरी. वज्रकंकणात सखी होते. आपल्याकडे कोरी प्रत असल्याचे समजले. माझे पद मी अजून ऐकलेले नाही. वय सत्तर. कळावे.’

मी फोन केला. बाई मोजकं बोलत. नाटकाचे दोनशे चौदा प्रयोग झाले, पण रघुअण्णांचे वन्स मोअर घेऊन होईपर्यंत पडदा पाडायची वेळ झालेली असे, मग मॅनेजर विंगेतून हातानेच कात्री दाखवत असे आणि सखी नुसता निरोप सांगून परत जात असे. दोनशे चौदांत पद झालं ते नऊ वेळा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मात्र पूर्ण म्हणून घेतलं. तबकडी बाजारात आली तेव्हा बाईंनी एक प्रत घरी आणली. सासरची सगळी मंडळी कौतुकाने ऐकायला बसली आणि रघुअण्णांच्या पहिल्याच पदाला दिरांनी वन्स मोअर दिला.

“त्यांना वाटलं, माझ्याच कंपनीचा माणूस आहे, मला बरं वाटेल,” बाई म्हणाल्या.

प्रत एकच, आणि ती एकदाच पहिल्यांदा वाजणार. कोणाच्या तोंडून चुकून शब्द निसटला तर सहावं पद कायमचं गेलं. खरं तर मी बाईंना एकटीला बोलावून, दार लावून तबकडी ऐकवू शकलो असतो. पण १९७४ साली मी दार लावूनच बसलो होतो. माझा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून मी विषय मंडळापुढे ठेवला. शिकलेला माणूस घाबरला की सभा बोलावतो.

सभेला सातही सभासद हजर होते. अध्यक्ष दातीरसाहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे काही अडवायचं म्हटलं की त्यांना हुरूप येत असे. चर्चा दोन तास चालली. ‘वाहवा’ हा वन्स मोअर धरायचा का? धरायचा. मान डोलावणं? तबकडीला दिसत नाही, सबब चालेल. दंतवैद्य उपळेकरांनी विचारलं की उसासा टाकला तर काय. त्यावर निवृत्त मुख्याध्यापिका लीलाताई ओगले म्हणाल्या की डॉक्टरांनी उसासे दवाखान्यातच टाकून यावेत. शेवटी ठरावाचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी तो तीनदा लिहिला आणि पळवाटा बुजवल्या. ‘या बैठकीत कोणत्याही गायकास, कोणत्याही पदासाठी, कोणत्याही कारणास्तव वन्स मोअर दिला जाणार नाही.’ दातीरसाहेब म्हणाले, यातून पाण्याचा थेंब जाणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. मला त्याचा अभिमान वाटला, हेही इथे लिहून ठेवतो.

रविवारी सकाळी मंदाताई एसटीने आल्या. अंगाने बारीक, नऊवारीवर लोकरी जाकीट, हातात कापडी पिशवी. लीलाताईंनी चहाचं विचारलं, तर म्हणाल्या, “नंतर. चहाने माणसं सैल होतात.” त्यांना रेकॉर्ड प्लेअरजवळची खुर्ची दिली. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

मी चाळीस वर्षांनी तबकडी पाकिटातून काढली. सुई मात्र दातीरसाहेबांनी ठेवली.

पहिलं पद संपताना रघुअण्णांनी ती तान घेतली आणि थांबले. तबलजी हलकेच ठेका धरून होता. आम्ही सात जण जमिनीकडे बघत होतो. ठेक्याची तीन आवर्तनं गेली. रघुअण्णांनी घसा साफ केला.

“मंडळी आहेत ना?” त्यांनी विचारलं.

दुसरं पद सुरू झालं. ते संपल्यावर त्यांनी हार्मोनियमवाल्याला हळूच विचारलं की बाहेर दिवे गेलेत का. हार्मोनियमवाला म्हणाला, नाही, माणसं आहेत, श्वास ऐकू येताहेत, पण शोकसभेला आल्यासारखी बसली आहेत. तिसऱ्या पदाला मग रघुअण्णांनी सगळं पणाला लावलं. तसं गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि आता कोणालाच ऐकायला मिळणार नाही. उपळेकरांनी तोंडात रुमालाचा बोळा घातला, तोही व्यावसायिक सफाईने. लीलाताई मनात पाढे म्हणत होत्या, ओठ हलत होते. माझ्या घशापर्यंत शब्द आला होता. मी मंदाताईंच्या हातांकडे बघितलं आणि तो गिळला. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं.

“बरं, राहिलं,” रघुअण्णा म्हणाले.

चौथं आणि पाचवं पद त्यांनी अंगावरचं काम उरकावं तसं उरकलं. मग बाजूला झाल्याचा आवाज आला, आणि जाता जाता कोणाला तरी म्हणाले, “जा ग, म्हण तुझं. आज हे दगडच आहेत.”

मग सहावं पद आलं. साडेतीन मिनिटांचं. आवाज सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीचा, थोडा बारीक, जपून लावलेला. पहिल्या ओळीत ती घाबरलेली होती. दुसऱ्या ओळीत विसरली. अंतऱ्याला एक जागा होती, साधीच, चढून जायची आणि क्षणभर टेकायची. तिथे ती टेकली तेव्हा खोलीतले सगळे जण एकदम नीट बसले. मी मंदाताईंकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

पद संपलं आणि ती थांबली.

तिने रघुअण्णांसारखं काही विचारलं नाही. घसा साफ केला नाही. नुसती उभी राहिली. एकदा पायातलं पैंजण वाजलं, बहुधा तिने भार या पायावरून त्या पायावर घेतला असेल. तबलजी ठेका धरून होता. आम्ही सगळ्यांनी दातीरसाहेबांकडे बघितलं. दातीरसाहेबांनी ठरावाच्या कागदाकडे बघितलं. कागदावर कोणत्याही गायकास असं लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, आणि त्यातून पाण्याचा थेंब जाणार नव्हता. मी घड्याळ बघितलं, म्हणून सांगू शकतो. अकरा सेकंद. मग ठेका थांबला, आणि सुई मध्यभागी जाऊन खरखरू लागली.

दातीरसाहेब उठून म्हणाले की मंडळाच्या इतिहासात इतकी शिस्तबद्ध बैठक झाली नव्हती. टाळ्या वाजल्या. त्या अध्यक्षांसाठी होत्या, हे इतिवृत्तात स्पष्ट केलेलं आहे.

मंदाताईंनी बोटाचा बंद सोडवला.

“छान शांत बसलात,” त्या म्हणाल्या. “आमच्या थिएटरात असं नसायचं. नऊ वेळा म्हटलं, त्यातल्या एकदा शेंगदाणेवाल्याने वन्स मोअर दिला होता. सांगलीला. मॅनेजरने हाकलला त्याला.”

चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “प्रोफेसर, ती रेकॉर्ड मला द्या.”

ती आता महाराष्ट्रातली एकमेव पूर्ण प्रत होती, सहाच्या सहा पदं ठरल्या जागी असलेली. उपळेकर माझ्या कानाशी लागले की ही सार्वजनिक ठेव आहे. दातीरसाहेबांनी पुढच्या सभेत विषय घेण्याचं सुचवलं. मी बाईंना म्हटलं की उत्तम कॅसेट करून देतो, अगदी हवी तितक्या वेळा ऐका.

“कॅसेटला काही सांगितलं तर ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या.

मी तबकडी पाकिटात घातली, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. मोठेपणा म्हणून नाही. ते अकरा सेकंद घरात ठेवायची मला भीती वाटली. त्या दोनच्या गाडीने गेल्या. पुढच्या सभेत माझ्यावर ताशेरे ओढण्यात आले. इतिवृत्त लिहायला दुसरा कोणी तयार नव्हता, त्यामुळे ते ताशेरेही मीच लिहिले.

मंदाताई २०१६ साली गेल्या. त्यांच्या भाचीने मला बोलावून घेतलं आणि तबकडी परत दिली. शेजारच्या बाई बसायला आल्या होत्या. त्या सांगत होत्या की मावशी एकट्या असायच्या, पण सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्याकडे कोणीतरी पाहुणा येत असावा. भिंतीपलीकडून पुरुषी, जाडाभरडा आवाज यायचा, काहीतरी दोनच शब्द, फेरीवाला ओरडतो तसा. जाताना मात्र पाहुणा कधी कोणाला दिसला नाही.

घरी येऊन मी तबकडीची दुसरी बाजू स्टॉपवॉच लावून तपासली. एकदा चूक होऊ शकते, म्हणून तीनदा. लेबलवर अजूनही सहा पदं छापलेली आहेत. रघुअण्णांचं एकही पद बाजूवर उरलेलं नाही. सखीचं पद सहा वेळा पूर्ण येतं, आणि सातव्यांदा ती अंतऱ्याला पोचते तेव्हा बावीस मिनिटं झालेली असतात.