आईच्या गाण्यातली टकटक

"इन म्हणजे आत, आउट म्हणजे बाहेर. यात न कळण्यासारखं काय आहे?" असं म्हणून बाबांनी माईकची पिन आउटमध्ये खुपसली आणि कमरेवर हात ठेवून चमत्काराची वाट बघत उभे राहिले. चमत्कार झाला नाही.

"बाबा, ते आउट आहे," खारू म्हणाली.

"माहितीये मला. माईक बाहेरच असतो ना? मग आउटलाच लागणार."

बाबा फ्रिज दुरुस्त करायचे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राकडे ते आजारी फ्रिज म्हणूनच बघायचे. खारूने गुपचूप पिन काढून इनमध्ये घातली, आउटची वायर स्पीकरला जोडली, आणि स्पीकर असा काही कोकलला की खिडकीतलं मांजर थेट शेजारच्या गच्चीवर.

"बघ! म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले.

ते डबडं मामाने पाठवलं होतं. चपटं, काळं, पाठ्यपुस्तकाएवढं. "ताईला सांग, यातून कुणीही गाऊ दे, आवाज मधात बुडवून काढल्यासारखा येतो," असं तो फोनवर म्हणाला होता. डबड्याला चार गोल कान होते. एक पिळला की आवाज विहिरीत गेल्यासारखा घुमायचा. दुसरा पिळला की तुमच्याबरोबर आणखी दोघं गायला लागायचे, एक बारीक आवाजाचा आणि एक जाड्या. तिसरा घसरलेला सूर उचलून जागेवर ठेवायचा. चौथ्याने काय व्हायचं ते कुणालाच कळलं नाही. बाबांच्या मते तोच मुख्य होता.

हा सगळा खटाटोप आईसाठी. आई बसस्टँडवर घोषणा करायची. तिचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा, पण तो नीट ऐकलेला एकही माणूस गावात नव्हता. लोक फलाटाचा नंबर ऐकायचे आणि पिशव्या सावरत पळत सुटायचे. उद्या तिचा निरोप समारंभ होता. "तिथे कराओके आहे, कोण गाणार?" असं आगारात कुणीतरी विचारलं, आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "मी!"

"एकदा तरी माझा आवाज ऐकून कुणी पळू नये गं," ती खारूला म्हणाली होती. "बाकी काही नको मला."

आईने माईक हातात घेतला. खारूने मोबाईलवर संगीत लावलं. आईने पहिली ओळ म्हटली, आणि खरंच, मध! घुमतोय काय, बारीक आणि जाड्या साथ देतायत काय. खारूच्या अंगावर काटा आला. ओळ संपली आणि मागोमाग आवाज आला, टक्, टक्, टक्.

"कोण आलं आता?" म्हणत बाबा दाराशी गेले. दारात कुणी नव्हतं.

आईने दुसरी ओळ म्हटली. टक्, टक्, टक्. या वेळी खारू धावली. जिन्यात चिटपाखरू नाही.

तिसऱ्या ओळीनंतर टकटक झाली तेव्हा तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तिघांनी मिळून हळूच डबड्याकडे बघितलं.

"हे आतून वाजवतंय," बाबा कुजबुजले.

त्यांनी माईक घेतला आणि "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" पासून शाळेतल्या प्रार्थनेपर्यंत जे आठवेल ते म्हटलं. एकदाही टकटक नाही. आईच्या हातात माईक दिला, की एका ओळीला एक टकटक. बाबांनी वायर बदलली, पिना पुसल्या, डबडं उताणं केलं, हलवलं, कानाला लावलं.

"गॅस कमी झालाय का?" आईने विचारलं.

"अगं, याला गॅस नसतो!"

"मग तुम्हाला काय कळणार यातलं?"

बाबांनी चिडून चौथा कान पुरता पिळला. आईने एक ओळ म्हटली. आता टकटक तीन आवाजांत झाली, बारीक, मधली आणि जाड, आणि घुमत घुमत गेली, जणू अख्खं कुटुंब दार ठोठावतंय. तेवढ्यात पुन्हा वाजलं. टक् टक्.

"मशीनच आहे ते," बाबा म्हणाले. कुणी उठलं नाही. टक् टक् टक्! "वाजव, वाजव लेका!" धडाड धडाड! "बघ, आता बडवायला लागलं!"

"अहो, दार उघडा की!" बाहेरून शेजारच्या काकू ओरडल्या. "बेल दुरुस्त करत नाही आणि वर वाजव वाजव काय म्हणता? आमचं मांजर आणून दिलंय... म्हणजे तुमचं!"

मांजर घरात आलं, स्पीकर बघितला आणि पुन्हा गेलं.

आई मटकन खाली बसली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "तुम्ही बोललात की गप्प बसतं, मी गायले की दार वाजवतं. माझाच आवाज सोसत नाही त्याला." मग तिने माईक तोंडाशी धरला आणि एकदम घोषणेच्या सुरात म्हणाली, "मी उद्या गाणार नाही."

टक्, टक्, टक्.

खारू नेमकी तिच्या पायाशी बसली होती. तिला दिसला आईचा अंगठा. वाक्य संपलं तसा तो आपला आपण सरकला आणि त्याने माईकचं बटण बंद केलं.

"आई! पुन्हा बोल काहीतरी!"

"काय बोलू?" टक्, टक्, टक्.

"अगं, तू माईक बंद करतेस! दर ओळीला!"

"मी? छे! मी कशाला..." आईने अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. बरोबरच होतं. बोलायच्या आधी माईक चालू, घोषणा झाली की लगेच बंद, हा स्टँडवरचा नियम. नाहीतर ऑफिसातल्या गप्पा सगळ्या फलाटांवर ऐकू जातात. इतकी वर्षं अंगठ्याने तो पाळला होता, आता कराओकेसाठी तो कशाला मोडेल? आणि बटणाचा तो इवलासा आवाज डबड्याने मन लावून घुमवला होता, वर साथीला बारीक आणि जाड्या.

आईने अंगठा आवरून बघितला, बोटांत दाबून बघितला. गाण्यात रमली की तो निसटायचाच. शेवटी खारूने बटण चालू करून वरून चिकटपट्टीचे चांगले जाड थर बसवले. "आता सरकव म्हणावं त्याला!" आईने अख्खं गाणं म्हटलं. अंगठा चिकटपट्टीवर बिचारा येरझारा घालत राहिला. एकही टकटक नाही.

दुसऱ्या दिवशी आगाराचा हॉल गच्च भरला होता. ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाले, आणि पहिल्या रांगेत आगारप्रमुख साहेब. आईने पहिलं कडवं म्हटलं आणि हॉल चिडीचूप झाला. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी पिशवी उचलली नाही. शेजारी डबड्यापाशी बसलेल्या बाबांनी डोळे पुसले आणि चौथ्या कानाकडे अभिमानाने बघितलं.

कडवं संपलं. मधलं संगीत सुरू झालं. आईचा अंगठा नियमाप्रमाणे सरकला. माईक बंद झाला, असं अंगठ्याला वाटलं, आणि अंगठ्याला वाटलं म्हणून आईलाही वाटलं. ती बाबांकडे वाकली.

"अहो, साहेब झोपलेत की काय? बघा ना, मान पडलीये. एवढं रटाळ गातेय का हो मी?"

मी... मी... मी... बारीक, मधला, जाड. सगळ्या हॉलभर.

साहेब ताडकन उठले. "नाही, नाही! डोळे मिटून ऐकत होतो!" हॉल नुसता फुटला. खारूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चिकटपट्टी तिनेच लावली होती ना! आई लालबुंद. अंगठा वेड्यासारखा चिकटपट्टीवर धावत होता. पण दुसरं कडवं आलं, आणि आई जी घोषणांत कधी चुकली नव्हती ती गाण्यात तरी कशी चुकेल? ती गायली. साहेब शेवटपर्यंत डोळे वटारून बसले होते, पापणीसुद्धा न हलवता.

टाळ्या थांबल्यावर साहेबांनी भाषणासाठी माईक घेतला. घसा खाकरला, माईक बंद करायला बटणावर अंगठा फिरवला आणि शेजारच्या हेडक्लार्कला हळूच विचारलं, "खरं सांगा, मी घोरलो का हो?"

घोरलो का हो... का हो... का हो...

"होऽऽऽ!" सगळा हॉल एका सुरात. तिसऱ्या कानाची गरजच पडली नाही.

साहेबांनी माईककडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं, मग आईकडे. त्यांनाही हसू आवरेना.

"बाई, आता लपवण्यात काय अर्थ आहे?" ते म्हणाले. "आजवर तुमचा आवाज आला की मी खुर्चीतून दचकून उठायचो. कुठली गाडी लेट, कुठली फेल. आज पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, कुठेच जायचं नाहीये. मग डोळा लागला. त्याला मी काय करू?"

आईने खारूला बाजूला घेतलं, माईक कुठे आहे ते नीट बघितलं, तो चांगला लांब आहे अशी खात्री केली, तरीसुद्धा तोंडावर हात धरला आणि खारूच्या कानात म्हणाली, "झोपले गं माझ्या गाण्याने!"

असं सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता, आणि अंगठा मोकळ्या हवेत काहीतरी बंद करत होता.