आठवी ओळ

बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या 'भौतिकशास्त्रातील गणिती पद्धती' या पेपरात, प्रश्न तीन (ब)च्या उत्तरात एक ओळ जास्त आढळल्यामुळे सुकन्याचा निकाल राखून ठेवण्यात आला. तसं रीतसर पत्र तिच्या भोकरच्या पत्त्यावर आलं. "उर्वरित दोनशे बारा उत्तरपत्रिका परस्परांशी ओळीनिशी जुळत असल्याने त्यांच्याबाबत कोणताही संशय नाही. आपल्या उत्तरपत्रिकेत मात्र सातव्या ओळीनंतर एक अनधिकृत ओळ दिसून येते. सबब, सदर ओळ कुठून आणली याचा खुलासा गुरुवारी समक्ष हजर राहून करावा." एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती आणि निकालाशिवाय प्रवेश नव्हता.

"दोनशे बारा लेकरांनी लिवली न्हाई," तिचे वडील बालाजी म्हणाले, "मंग तुलाच काय गरज पडली होती?"

गरज पडली होती हे खरं. नांदेडच्या तिच्या कॉलेजात हा पेपर सगळे एकाच नोट्सवरून शिकत. बावीस वर्षांपूर्वी शिवप्रसाद नावाच्या हुशार विद्यार्थ्याने त्या लिहिल्या, गेटसमोरच्या रेवणसिद्धच्या झेरॉक्स दुकानात त्यांची प्रत काढून ठेवली आणि वही घेऊन तो आपल्या गावी औशाला निघून गेला. त्यातल्या पान एक्केचाळीसवर सात ओळी होत्या. पान उलटलं की 'म्हणून' या अर्थाची तीन टिंबं आणि पुढे थेट उत्तर. सात ओळींतून ते उत्तर कसं निघतं हे बावीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, पण टिंबांवर सगळ्यांचा पूर्ण विश्वास होता.

सुकन्याने एकदा वर्गात विचारून पाहिलं होतं. "सर, मधलं कसं आलं?"

"टिंबं दिलीत ना," माधवराव सर म्हणाले आणि त्यांनी पुढचं गणित घेतलं.

तीन दिवस ते तिच्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी भोकरच्या एसटीत, वांग्यांची पाटी घेतलेल्या एका बाईंच्या शेजारी बसलेली असताना, मधली ओळ सापडली. तिला इतका आनंद झाला की तो पोटात मावेना. "सुटलं," ती बाईंना म्हणाली. "बरं झालं माय," बाई म्हणाल्या आणि सरकून बसल्या.

चौकशी समिती तिघांची होती. पक्षपात होऊ नये म्हणून त्या विषयातलं काही कळणारा सदस्य घ्यायचा नाही, असा नियम होता. त्यानुसार वनस्पतिशास्त्राच्या मंजुश्री मॅडम सदस्य होत्या. माधवराव सर अठरा वर्षं तोच पेपर शिकवत होते, त्यामुळे त्यांना अध्यक्ष करायलाही अडचण आली नाही. तिसरे सदस्य रजेवर होते.

"ही ओळ कुठून आणली?" सरांनी विचारलं.

"सोडवली, सर."

"ते ठीक आहे. पण कशातून?"

"माझी मीच."

मंजुश्री मॅडमनी छापील अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात चारच रकाने होते: गाईड, झेरॉक्स नोट्स, मोबाईल आणि शेजारचा विद्यार्थी. "मीच असा रकाना नाहीये गं," त्या हळहळून म्हणाल्या.

तज्ज्ञ साक्षीदार म्हणून रेवणसिद्धला बोलावणं गेलं. तो दुकानातली पहिली झेरॉक्स प्रत छातीशी धरून आला. "बावीस वर्षं काढून राहिलो सर. पान येक्केचाळीस, ओळी सात. आठवी न्हाईच. माझ्या दुकानात न्हाई म्हंजे नांदेडात न्हाई."

"सर, हे बघा ना," सुकन्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. कडेला अक्षरांचे नुसते शेंडे दिसत होते. "इथं ओळ आहे. मशीननं खालचं कापलंय."

"ती मशीनची शाई आहे," सर म्हणाले.

शेवटी औशाला शिवप्रसादला फोन लावला. तो आता सोयाबीनची आडत बघतो. "हाव, होती की आठवी," तिकडून आवाज आला. "पर काय होती ते इचारू नका सर. मी बी फळ्यावरूनच उतरवून घेतलेली. वही तर कवाच रद्दीत गेली."

सुकन्याला वाटलं, सुटले. तिला समितीची ओळख नव्हती. ओळ आधीपासून अस्तित्वात होती, तेव्हा ती सुकन्याची नव्हती. तिची नव्हती, तेव्हा नक्कल होती. आणि जिथून नक्कल केली ती वही रद्दीत गेलेली, म्हणजे पुरावाही नष्ट केलेला. मॅडमनी दोन्ही कलमं लिहून घेतली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून रेवणसिद्धला राहवलं नाही. "लई ताणू नका सर. लेकराचं वर्ष जाईल." त्याने तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली, आठव्या ओळीची पट्टी कापली आणि डिंकाने पान एक्केचाळीसवर चिकटवली. "घ्या. आता नोट्समधी हाय."

सगळ्यांना मोकळं वाटलं. दुसऱ्या रकान्यात खूण झाली. नोट्स पाठ करून लिहिणं हा गैरप्रकार नसून अभ्यास असल्याने आरोप आपोआप गळून पडला. फक्त एक सही हवी होती: 'सदर ओळ मी स्वतः सोडवलेली नाही.'

सुकन्या पेन धरून थांबली. खोलीत फळा होता, खडू होता. दोन मिनिटांत समजावून देता आलं असतं. तिला सुटकाही नको होती, शाबासकी तर नकोच. त्या ओळीत आहे तरी काय, एवढं कुणीतरी एकदा विचारावं, असं तिला फार वाटत होतं. माधवराव सरांनी घड्याळ पाहिलं. तिने सही केली.

शुक्रवारी तिला प्रवेश मिळाला. नव्या वर्षी सरांनी वर्गात आठव्या ओळीला चांदणी करायला लावली. चिकटवताना रेवणसिद्धच्या पट्टीखाली सातवी ओळ झाकली गेली होती, त्यामुळे यंदा सगळी मुलं सहावीवरून थेट आठवीवर गेली. उत्तरपत्रिका ओळीनिशी जुळल्या.

सुकन्या अजून वाट बघते आहे. समितीने विचारलं नाही, वडिलांनी नाही, ज्याने चिकटवली त्यानेही नाही. आणि वाचकहो, तुम्हीही इथपर्यंत मान डोलावत आलात. त्या ओळीत काय होतं ते ना मी सांगितलं, ना तुम्ही विचारलंत. काळजी नसावी. तुम्ही सगळे परस्परांशी जुळत असल्याने तुमच्याबाबत कोणताही संशय नाही.