दत्तोबाच्या मुकुटाचं चिकट

शेवट काय झाला ते आधीच सांगून दाखवा, मग मानतो तुमाला. आमच्या कोल्हापुरात सिनेमाच्या सामानाला लावलेलं चिकट पन्नास वर्सं झाली की बोलाय लागतं, पन आपलं नाव सांगत न्हाई. ते आपनच वळखायचं. चुकलं की वळखनाऱ्याचा हात धरून ठिवतं.

संग्रहालयात या कामाला एक मॅडम हैत, मिरजकर म्हनून. त्यांच्याकडं मालनवैनी मिठारी पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घिऊन गेली. संगट मी. मुकुट तिच्या वारलेल्या नवऱ्यानं, दत्तोबानं, राजाच्या पिच्चरला केलता. चाळीस वर्सं स्टुडिओत राबला, पन पडद्यावर नाव कंदी आलं न्हाई गड्याचं. मुकुट काचंत ठिवून खाली त्याच्या नावाची पाटी लागावी, एवढंच वैनीचं म्हननं. मॅडम म्हनल्या, चिकट त्याच वक्ताचं निघालं तरच पाटी.

अर्ज भरून घेतला. मग मॅडमनी मुकुटाला बोट लावून इचारलं, हाडांचा सरस का? मुकुट म्हनला, न्हाई. बोट चिकटलं. दुसऱ्या हातानं त्यांनी तशी नोंद केली आनि इचारलं, चिंचोक्याची खळ? न्हाई. त्योबी हात गेला. तिसऱ्यांदा चुकलं की कर्मचारी कायमचा मुकुटाकडं वर्ग हुतो, असा नियमच हाय. मॅडमनी शिपायाला घरी कळवाय सांगितलं, माझा भात लावू नका.

मी म्हनलं, वैनी, आता मुकुटासंगट मॅडमबी घरी न्या. वैनी हसली न्हाई.

तवर मुकुटच बोलला, "माझ्यात मीठ घालाय इसरलंय कुनीतरी."

वैनी खाली बसली. म्हनली, धाकट्याला ताप हुता त्या दिशी, डबा कसाबसा भरून दिलता. सांजचं हे आले आनि पिठलं झ्याक झालतं म्हनले. तिनं मुकुटावर हात ठिवला.

"तू माझं पिठलं हैस. न खाताच झ्याक म्हनले व्हय रं ते?"

"व्हय," मुकुट म्हनला, आनि सुटला. मॅडमचे हात मोकळे झाले. मुकुटाचे पाच तुकडे झाले.

मॅडमनी लिहिलं, चिकट मूळचं, बेसनाचं, पाटी मंजूर. पन नवं चिकट लावलं तर मुकुट मूळचा ऱ्हात न्हाई. तुकडे हातानं धरायचे, आनि धरनारा त्या शूटिंगला हजर असलेला पायजे. वैनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, मी नुसता भाला धरून हुबा हुतो, माझा काय संबंध? मॅडमनी पिठल्यालाच इचारलं, मंग तुझ्यासंगटची भाकरी कुठं गेली? त्यानं माझं नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट.

पाटी झ्याक दिसतीय. वैनी दर गुरवारी येती, फडक्यानं पुसती, माझ्याशी बोलत न्हाई. दोन भाकऱ्या खाल्लत्या मी, त्यापायी हे अकरावं वरीस, दहा ते पाच, दोन्ही हात वर. सोमवारी सुट्टी.