गास्तोंला मी दिलेलं आडनाव

इरा आणि नील,

परवा फोनवर इराने विचारलं, "आजी, आपलं सरनेम कुठून आलं? टीचरला फॅमिली ट्री द्यायचाय. काहीही सांग, शी वोन्ट चेक." मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. आजीला झोप आली असेल असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नव्हतं. 'काहीही सांगावं, कोण तपासणार आहे' असं मी एकदा स्वतःशीच म्हटलं होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तेव्हा आधी ते सांगते. हे बाबाकडून वाचून घ्या. मी पानांना नंबर घातले आहेत, त्यामुळे त्याने मधलं पान गाळलं तर तुम्हाला कळेल.

तुम्हाला गास्तों लब्रेतों आठवणार नाही. नील तर तेव्हा जन्मलाही नव्हता. इथे आखातात, अल बर्शाच्या आपल्या बिल्डिंगमध्ये आपण बाराव्या मजल्यावर आणि तो चौदाव्या. मूळचा मॉरिशसचा. उंच, सावळा, कुरळे पांढरे केस, आणि भर उन्हाळ्यातही फुल शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये चढायला लोक घाबरायचे. लिफ्टचं दार बंद झालं की तो आपल्या आडनावाचा इतिहास सुरू करायचा.

तळमजल्यावर तो म्हणायचा, "मादाम, ब्रिटनीत ब्रेतों नावाचा एकही माणूस नव्हता." ब्रिटनी हा फ्रान्सचा एक कोपरा. तिथे सगळेच ब्रेतों, मग तिथे कुणाला त्या नावाने हाक कोण मारणार? त्यातला एकजण घर सोडून नॉर्मंडीला गेला आणि तिथले शेजारी म्हणाले, तो बघा ब्रेतों आला. चौथ्या मजल्यापर्यंत त्या माणसाची मुलं लाकडी पिंपं बनवायला लागायची. आठव्यावर त्यांच्यातला एक जहाजावर चढायचा, कारण जहाजाला पिंपं लागतात. बाराव्यावर मी उतरायची तेव्हा तो आफ्रिकेच्या टोकापाशी वादळात सापडलेला असायचा. गास्तों दारात पाय घालून त्याला किनाऱ्याला लावायचा प्रयत्न करी, पण वरून कुणीतरी बटण दाबलेलं असे. कितीतरी वर्षं तो बिचारा माझ्यापुरता समुद्रातच होता. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, गास्तों दिसला की जिन्याने जायचा.

गास्तों बंदरावर माल तपासायचं काम करी. कंटेनर उघडायचा, कागदाशी ताडून बघायचा, सही करायची. तीच सवय घरी. आजोबांनी त्याला 'कागद' हा मराठी शब्द शिकवला आणि पस्तावले. टोमॅटो ओमानचे आहेत म्हटलं की तो विचारी, "कागद आहे?" आज पाडवा आहे म्हटलं की, "कागद?" मग मी पंचांग काढून दाखवायची. एकदा आजोबा म्हणाले, मला ताप आहे. गास्तोंने थर्मामीटर मागितला.

आपल्या खानदानाचा एक लांबच लांब कागद त्याने केला होता. दहा पिढ्या. प्रत्येक नावाखाली चौकट आणि चौकटीत पुरावा: चर्चची नोंद, जहाजाची यादी, दफनाचा दाखला. ती गुंडाळी तो प्लंबरच्या प्लास्टिकच्या पाइपात ठेवायचा आणि तो पाइप खांद्यावर टाकून आमच्याकडे यायचा. दर शुक्रवारी. कधी मंगळवारीही. आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा आणि चार कोपऱ्यांवर माझ्या लोणच्याच्या बरण्या ठेवायचा.

आजोबांना तो आवडायचा. ते म्हणाले, "अरे, मग हे आमच्यासारखंच झालं. हेदवीत कोण हेदवकर? मुंबईला आलो तेव्हा हेदवकर झालो. आडनाव म्हणजे घर सोडल्याची पावती." गास्तोंने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली आजोबांचं नाव आणि तारीख. मग आजोबांना चेव यायचा. कंटाळा आला की मात्र ते सरळ उठायचे. "खलास, हबीबी. पुढची पिढी पुढच्या शुक्रवारी."

कंटाळा मला जास्त यायचा. माझी कामं ठरलेली असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. गास्तोंची बायको वारली होती. मुलगी फ्रान्सला गेली होती आणि तिथे तिला सगळे मॉरिशसची म्हणत. त्याला जायला दुसरं घर नव्हतं. हे मला कळत होतं, तरी बेल वाजली की मी आजोबांना म्हणायची, "आला बघा पाइप."

त्या लांब कागदावर एकच चौकट रिकामी होती. त्याच्या आईच्या आजीची. तिचं नाव सखू. ती आईबापांबरोबर आपल्या कोकणातून जहाजाने मॉरिशसला गेली होती, उसाच्या मळ्यात. तिच्या कागदाची नक्कल गास्तोंकडे होती. त्यावर तिचा नंबर होता, उंची होती, डाव्या मनगटावरची खूण होती, जिल्हा रत्नागिरी होता. आडनाव नव्हतं. मजुरांना आडनाव कोण विचारणार? "बघा ना मादाम," तो म्हणायचा, "पिंपं करणाऱ्या माणसाचे दहा कागद, आणि हिचा एकच."

मराठी माणूस भेटला की तो त्याला विचारायचा, ही सखू कोण असेल? आपली माणसं उलट त्यालाच विचारायची, जात काय लिहिलीय? आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तुम्हाला ठाऊक नसेल तर बरंच आहे.

आता माझं. गणपतीच्या आधीचा मंगळवार होता. मी जेवायला बोलवायच्या लोकांची यादी करत बसले होते. बेल वाजली. पाइप आत आला. तीच नक्कल, तोच प्रश्न, आणि माझ्या यादीवर त्याचा चष्मा. "मादाम, तुम्ही रत्नागिरीच्या. तुम्हाला काय वाटतं?"

मी मान वर न करता म्हणाले, "नेवरेकर असेल."

नेवरेकर हे माझं माहेरचं आडनाव, गाव नेवरे म्हणून. डोक्यात पहिलं आलं ते मी सांगितलं. मला वाटलं, आता कागद मागणार, मग मी म्हणणार की गंमत केली. त्याने मागितला नाही. खिशातलं चांगलं शाईचं पेन काढलं आणि चौकटीत हळूहळू, शाळेतल्या मुलासारखं, नेवरेकर लिहिलं. नंतर त्याने मला विचारलं, "म्हणजे तुमच्या माहेरची?"

मी म्हणाले, "असेल."

संध्याकाळी आजोबांना सांगितलं. ते हसले, मीही हसले. "काय गं, परस्पर खानदानात घेतलंस? तुझ्या वडिलांना विचारायचं तरी." मग मी ते इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात सांगितलं, गास्तोंच्या आवाजात, पाइपसकट. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "हेदवकर वहिनी, फ्रेंच भाऊ काय म्हणतो?" मीही काहीतरी नवीन किस्सा तयार ठेवायची. हेही लिहायचं ठरवलं आहे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात गास्तों. अंघोळ केलेला, केस चापून बसवलेले, हातात डबा. "मी वाचलं," तो म्हणाला, "माहेरचा माणूस आज येतो." त्या दिवसापासून मी मादामची ताई झाले.

काय करणार? मी पाट मांडला. त्याचे गुडघे वाकेनात म्हणून आजोबांनी मोरी धुवायचं स्टूल आणलं. मी ओवाळलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. डब्यात व्हॅनिलाचा चहा होता. तो आजोबांना खोकल्याच्या औषधासारखा लागायचा, पण दर वर्षी तोच यायचा.

पुढे भाडं वाढलं आणि गास्तों शारजाला गेला. मला वाटलं, सुटले. पण भाऊबीजेला तो तिथूनही यायचा, दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून. एका वर्षी कामाचा दिवस होता, तर रजा टाकून आला. साहेबाने कारण विचारलं तेव्हा त्याने 'बहीण' असं लिहून दिलं होतं. मी करंजी पुढे केली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिले. आजोबा मागे आले. "सांगून टाक," म्हणाले. मी म्हणाले, "आता कसं सांगू? पाच वर्षं झाली." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी सहा होतील."

सांगितलं नाही. सहा झाली.

मग त्याची नोकरी संपली. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं असतं. जाण्याआधी तो दुपारी आला. पाइप नव्हता, एक छापील पुस्तिका होती. लब्रेतों घराण्याचा इतिहास. छापखान्याचा नमुना होता. एक नजर टाका, म्हणाला, मग चाळीस प्रती निघतील. प्रत्येक नावापुढे पुरावा छापला होता: नोंदवही, पान, ओळ. शेवटच्या पानावर सखू नेवरेकर. पुढे पुराव्याच्या जागी एवढंच: 'ताईंनी सांगितलं.'

"आणि मुंबईचं तिकीट काढलंय," तो म्हणाला. "तिथून नेवऱ्याला. घरोघरी जाईन. त्यांना सांगेन, तुमची एक मुलगी हरवली होती, तिचा मी."

मी नेवऱ्याच्या त्या दारांत त्याला उभा पाहिला, वरचं बटण लावलेला. आणि माझी चुलतभावंडं त्याला काय म्हणतील तेही ऐकू आलं. मी बसले आणि सगळं सांगितलं. यादी, गणपती, मंडळातली नक्कल, हसणं. काही गाळलं नाही. आजोबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

गास्तोंने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ताई, मी सगळ्यांना कागद मागतो. तुम्हाला का मागितला नाही, विचारा."

"का?"

"मागितला असता तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

मग तो पुढे सांगू लागला. पणजी, म्हणजे तीच सखू, त्याचा डबा घेऊन शाळेत यायची, नऊवारी नेसून, अनवाणी. एक दिवस फादरने विचारलं, ही कोण? गास्तों आठ वर्षांचा होता. तो म्हणाला, शेजाऱ्यांची मोलकरीण आहे. त्याचं नाव लब्रेतों, त्यामुळे खपून गेलं.

"तिला फ्रेंच येत नाही असं मला वाटत होतं," तो म्हणाला.

"येत होतं?"

"साठ वर्षं राहिली होती तिथे. डबा दिला आणि 'मस्ये', म्हणजे साहेब, असं म्हणून वाकली. मोलकरणी वाकतात तशी. घरी कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा फाटकाबाहेर ठेवून जायची." त्याने चष्मा घातला. "दहा पिढ्या गोळा केल्या त्या मिळत होत्या म्हणून. हवी होती एकच."

तो उठला. पुस्तिका उचलली. ते पान त्याने माझ्यासमोर खोडलं नाही. दारात आभार मानले, "मेर्सी, मादाम." सहा वर्षांनी मी पुन्हा मादाम झाले होते. लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो आणि तो काहीच बोलला नाही. लिफ्टपाशी गप्प उभा राहिलेला गास्तों मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी कुणाची वाट पाहत नव्हते. फोन वाजला. मागे वारा होता आणि कोंबडे आरवत होते. तिकीट फुकट कसं घालवायचं म्हणून तो गेलाच होता, पण नेवऱ्याला गेला नाही. रत्नागिरीच्या आसपास नुसता फिरत होता.

"इथे सगळे आडनाव विचारतात," तो म्हणाला. "मी सांगतो, आईच्या आजीचं होतं, मला माहीत नाही. मग ते विचारात पडतात."

"आणि?"

"आणि चहा देतात." मग म्हणाला, "कागद मागत नाहीत, ताई."

इरा, तुझ्या चार्टसाठी मला खात्रीने ठाऊक आहे ते इतकंच: हेदवकर म्हणजे हेदवीचे. तुझ्या खापरपणजोबांच्या मागचं मला माहीत नाही. त्या चौकटीत 'माहीत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिही. टीचर तपासो वा न तपासो.

गास्तों आता मॉरिशसला असतो. मंडळातल्या बायकांना मी पुढच्याच हळदीकुंकवाला खरं सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. पुस्तिकेची एक प्रत माझ्याकडे आली. सखूच्या नावापुढे आडनावाची जागा कोरी आहे. भाऊबीजेला सकाळी आठला त्याचा फोन येतो, तो मला ताई म्हणतो, आणि मी फोन टेबलावर ठेवून निरांजन ओवाळते. हे अजून चालू आहे.

तुमची
आजी